घरटं मोडणं म्हणजे शिकार

जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत एक भांडण हमखास रंगतं. सोसायटीच्या आवारातल्या पर्जन्यवृक्षावर गायबगळे आणि वंचक घरटी करतात. पिल्लं बाहेर आली की झाडाखालच्या गाड्या शिटीने पांढऱ्या होतात, चोचीतून निसटलेल्या बेडकांचा नि माशांचा वास सुटतो, आणि महिन्याच्या सभेत फांद्या छाटून टाकण्याचा ठराव येतो. मग करवत घेऊन माणूस चढतो. आपण झाड छाटतो आहोत, असंच त्याला आणि त्याला बोलावणाऱ्या सचिवांना वाटत असतं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या लेखी मात्र ते शिकार करत असतात.

यात अतिशयोक्ती नाही. या कायद्याच्या कलम २(१६) मध्ये शिकारीची व्याख्या आहे. मारणं, विष घालणं, सापळा लावणं, जाळ्यात पकडणं, हाकारे घालणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, हे सगळं तिच्यात येतं. त्याच व्याख्येच्या शेवटी पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी वेगळी तरतूद आहे. त्यांची अंडी खराब करणं, अंड्यांना किंवा घरट्यांना नुसता त्रास देणं हीसुद्धा शिकारच. कलम ९ अनुसूचीतल्या कुठल्याही वन्य प्राण्याच्या शिकारीला मनाई करतं, आणि आपल्या नेहमीच्या पाहण्यातले बहुतेक पक्षी या अनुसूचींत आहेत. ‘प्राणी’ या शब्दाची कायद्यातली व्याख्याही ऐसपैस आहे. पक्ष्याचं पिल्लू तर प्राणी आहेच, अंडंसुद्धा प्राणीच आहे.

म्हणजे बंदूक लागत नाही, रक्त सांडावं लागत नाही, पक्षी मरायलाही लागत नाही. कागदावर पाहिलं तर घरट्याला इतकं रुंद कवच देणारे कायदे जगात फार नाहीत. अडचण अशी की हे कवच व्याख्येच्या पोटात, तेही शेवटच्या ओळीत लपलेलं आहे. घरट्यांसाठी स्वतंत्र कलम नाही, स्वतंत्र शिक्षा नाही. त्यामुळे सोसायटीच्या सचिवांना ते माहीत नसतं, रस्त्याच्या ठेकेदाराला माहीत नसतं, आणि तक्रार घ्यायला बसलेल्या हवालदारालाही बऱ्याचदा माहीत नसतं.

कावळ्याचं उदाहरण तर मासलेवाईक आहे. मूळ कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत ‘उपद्रवी प्राण्यां’ची यादी होती. उंदीर, घुशी, फलाहारी वटवाघळं आणि त्यांच्या पंगतीला आपला गावकावळा. पितृपक्षात ज्याची वाट पाहत लोक गच्चीवर ताटकळतात, त्याला पन्नास वर्षं कायद्याने वाऱ्यावर सोडलं होतं. त्याचं घरटं पाडणं हा या कायद्याखाली गुन्हाच नव्हता. २०२२ च्या दुरुस्तीने ही यादीच काढून टाकली. दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. आता एखाद्या प्रजातीला उपद्रवी ठरवायचं तर केंद्र सरकारला ठरावीक भागासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी तशी अधिसूचना काढावी लागते.

पक्ष्यांना राजाज्ञेने अभय देण्याची गोष्ट भारतात जुनी आहे. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे आणि तिची सुरुवातच पोपट नि मैनेपासून होते. पण एखाद्या विशिष्ट वसाहतीला, ती घरटी करते म्हणून, सरकारी कागदाने संरक्षण मिळाल्याचं उदाहरण पाहायचं तर तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूजवळच्या वेदान्थांगल गावी जावं लागतं. तिथल्या तलावातल्या झाडांवर दर पावसाळ्यानंतर हजारो बगळे, पाणकावळे आणि करकोचे विणीला येतात. त्यांच्या विष्ठेने तलावाचं पाणी खतावतं आणि तेच पाणी गावाच्या भातशेतीला मिळतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस गोऱ्या शिपायांनी तिथे बंदुका चालवायला सुरुवात केली, तेव्हा गावकरी कलेक्टर लायोनेल प्लेस याच्याकडे गेले. १७९८ मध्ये त्याने गावाला कौल दिला, की या पक्ष्यांना कोणी हात लावायचा नाही. गावकऱ्यांनी दयेची भाषा केली असेलही, पण खरा मुद्दा पिकाचा होता. म्हणूनच तो टिकला असावा.

घरट्यांबद्दलचा आधुनिक कायदा मात्र घडला इंग्लंडात, आणि तोही अर्ध्या-अर्ध्या पावलांनी. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर फ्लॅम्बरो आणि बेम्पटनचे उंच पांढरे कडे आहेत. त्यांच्या कपारींत लाखो समुद्रपक्षी विणीला येतात. रेल्वे आली तशी लंडनची शौकीन मंडळी तिथे येऊ लागली आणि बोटीतून, केवळ मजा म्हणून, अंड्यांवर बसलेले पक्षी टिपू लागली. किटिवेक नावाच्या देखण्या कुरव पक्ष्याचे पंख बायकांच्या टोप्यांसाठी जात. आई-बाप मेले की पिल्लं कपारीतच उपाशी मरत. केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ आल्फ्रेड न्यूटन यांनी १८६८ मध्ये यावर जाहीर टीका केली आणि पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये, समुद्रपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. १ एप्रिल ते १ ऑगस्ट हे पक्षी मारायचे नाहीत. धुक्यात किनारा जवळ आल्याची सूचना खलाशांना या पक्ष्यांच्या कलकलाटाने मिळते, हा युक्तिवाद त्या वेळी फार उपयोगी पडला. पुन्हा माणसाचाच फायदा.

या कायद्यात एक मोठं भगदाड होतं. पक्ष्याला संरक्षण होतं, अंड्याला नव्हतं. त्याच बेम्पटनच्या कड्यांवरून दोराने लोंबकळत उतरून अंडी गोळा करणं हा तिथल्या शेतमजुरांचा पिढीजात जोडधंदा होता आणि तो पुढे पंच्याऐंशी वर्षं चालू राहिला. १८९४ मध्ये अंड्यांचं रक्षण करण्याची मुभा कायद्याने दिली, पण ती जिल्ह्याजिल्ह्याच्या मर्जीवर सोडून. शेवटी १९५४ च्या कायद्याने जवळजवळ सगळ्या रानपक्ष्यांची अंडी आणि वापरातली घरटी संरक्षित केली, तेव्हा बेम्पटनचे दोर कायमचे वर ओढले गेले.

पण इंग्लंडातल्या घरट्यांचा खरा वैरी गरीब मजूर नव्हताच. तो होता अंड्यांचा संग्राहक. व्हिक्टोरियन काळापासून अंडी जमवणं हा सभ्य गृहस्थांचा छंद मानला जाई. नुसतं एक अंडं नव्हे, घरट्यातली सगळी अंडी उचलायची, बारीक भोक पाडून आतला बलक काढायचा, आणि तारीख-ठिकाणाच्या चिठ्ठीसह लाकडी खणांत कापसावर मांडून ठेवायची. पक्षी जितका दुर्मीळ, तितकं त्याचं अंडं मोलाचं. त्यामुळे एखादी जात संपत आली की तिच्या उरल्यासुरल्या घरट्यांवर सगळ्यांच्या उड्या पडत. हिंदुस्थानात हाच छंद ए. ओ. ह्यूम यांना होता. काँग्रेसचे संस्थापक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण भारतीय पक्ष्यांची घरटी आणि अंडी या विषयावरचा त्यांचा ग्रंथ आजही संदर्भासाठी उघडला जातो. १८८५ मध्ये त्यांनी ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या संग्रहात सुमारे ८२ हजार नमुने होते.

ऑस्प्रे या मासेखाऊ शिकारी पक्ष्याची हकिगत तर एखाद्या चोरीच्या कादंबरीत शोभावी. संग्राहकांनी आणि बंदूकवाल्यांनी मिळून विसाव्या शतकाच्या आरंभी तो स्कॉटलंडमधून संपवला होता. १९५४ च्या सुमारास एक जोडी परत आली आणि गार्टन सरोवराजवळ घरटं करू लागली. पक्षीसंरक्षण संस्थेने गुप्त पहारा बसवला. तरी १९५८ मध्ये एका रात्री पहारेकऱ्यांना चकवून कोणीतरी झाडावर चढलं. सकाळी झाडाखाली फुटलेली अंडी सापडली आणि घरट्यात होती बुटाचं तपकिरी पॉलिश फासलेली कोंबडीची अंडी! स्कॉटलंडमध्ये संस्थेचं काम पाहणारे जॉर्ज वॉटरस्टन यांनी मग धोरण पार उलटं केलं. घरटं लपवण्याऐवजी जाहीरच करून टाकलं, दूर अंतरावर दुर्बिणी लावून लोकांना पाहायला बोलावलं. १९५९ मध्ये हजारो लोक आले. तीन पिल्लं उडाली. इतक्या डोळ्यांसमोर चोरी करणार कोण?

ब्रिटनने १९८१ च्या कायद्याने रानपक्ष्याचं अंडं नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा ठरवला आणि २००० च्या कायद्याने त्यासाठी तुरुंगवासाची तरतूद झाली. ऑस्प्रेसारख्या खास यादीतल्या पक्ष्यांना घरट्यापाशी मुद्दाम किंवा बेफिकिरीने बिथरवणंही तिथे गुन्हा आहे. त्यांच्या घरट्याजवळ जाऊन फोटो काढायचा तर परवाना लागतो. आपल्याकडे नव्या लेन्सा घेऊन घरट्यासमोरच्या फांद्या बाजूला बांधणाऱ्या हौशी छायाचित्रकारांना हे कोणीतरी समजावून सांगायला हवं. झाकण गेलं की त्या घरट्यात ऊन शिरतं आणि कावळाही शिरतो.

संग्राहकांच्या पदरात एक पुण्य मात्र टाकावंच लागतं. पन्नासच्या दशकात ब्रिटनमधल्या बहिरी ससाण्यांच्या घरट्यांत अंडी आपोआप फुटू लागली. डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाने जुन्या संग्रहांतली कवचं मोजली-तोलली आणि १९६७ मध्ये दाखवून दिलं, की चाळिशीच्या उत्तरार्धापासून कवच एकाएकी हलकं आणि पातळ झालं आहे. नेमका तेव्हाच डीडीटीचा वापर सुरू झाला होता. चिठ्ठ्यांवर तारीख-ठिकाण नसतं तर हा पुरावा उभाच राहिला नसता.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्यापासून काही मैल आत समुद्रात खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. नकाशात त्याचं नाव वेंगुर्ला रॉक्स, त्यातल्या एका बेटाचं नाव बर्न्ट आयलंड. ह्यूम १८७५ मध्ये इथेही येऊन गेले होते. बेटावरच्या गुहेत भारतीय पाकोळीची वसाहत आहे. चिमणीएवढा हा पक्षी गुहेच्या काळोखात टक्टक् आवाज काढतो आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधतो. घरटं करतो ते स्वतःच्या लाळेने. लाळ हवेत सुकून घट्ट होते. तिच्यात शेवाळ आणि पिसं मिसळून कातळाला चिकटलेली अर्धी वाटी तयार होते आणि तीत दोन पांढरी अंडी घातली जातात.

चीनमध्ये आणि आग्नेय आशियात पाकोळीच्या घरट्याचं सूप हे श्रीमंती पक्वान्न आहे. त्यामुळे या वाट्यांना मोठा भाव येतो, आणि चोर गुहेत शिरतो तेव्हा त्याला पक्षी नको असतो, अंडी नको असतात, पिल्लंही नको असतात. त्याला हवं असतं फक्त घरटं. अंडी खाली पडतात, पिल्लं खडकावर आपटतात, तो मागे वळूनही पाहत नाही. घरटं गेलेली जोडी पुन्हा लाळ गाळून दुसरं बांधते, तेही गेलं तर तिसरं. प्रत्येक वेळी अंगातली ताकद आणि हंगामातले दिवस खर्च होतात. पक्षी जिवंत राहतो, पण त्याची पुढची पिढी जन्मत नाही. पक्ष्याला हात न लावता जात संपवता येते, हे कायद्याच्या व्याख्येतल्या त्या शेवटच्या ओळीचं सर्वांत चांगलं स्पष्टीकरण आहे.

इथली चोरी उघडकीला आणण्यात चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचा वाटा मोठा. भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने चालणारी ही संस्था पुढे वेळासच्या कासवांमुळे महाराष्ट्रभर ओळखली गेली, पण २००१ च्या आसपास तिचे कार्यकर्ते या खडकांवर उतरत होते, घरटी मोजत होते आणि वनखात्याला सोबत घेत होते. समुद्रातल्या बेटावर रोज गस्त घालणं वनरक्षकाला शक्य नसतं. पावसाळ्यात तर होडीच लागत नाही. किनाऱ्यावरच्या गावांत डोळे-कान असलेली माणसं जोडल्याखेरीज तिथे कुठलंही कलम पोचत नाही.

अंदमानात याच कुळातल्या दुसऱ्या पाकोळीची गत आणखी वाईट होती. तिचं घरटं जवळजवळ निव्वळ लाळेचं, पांढरंशुभ्र, म्हणून अधिक महाग. पक्षीशास्त्रज्ञ रवी शंकरन यांनी नव्वदच्या दशकात अंदमान-निकोबारच्या शेकडो गुहा पालथ्या घातल्या तेव्हा बहुतेक वसाहती ओसाड पडत चालल्या होत्या. त्यांनी काढलेला मार्ग कायद्याच्या चौकटीला न मानवणारा होता. घरटी चोरणाऱ्यांनाच त्यांनी राखणदार नेमलं. गुहा त्यांच्याइतकी कोणाला माहीत असणार? आणि त्यांनी प्रस्ताव मांडला, की पिल्लं उडून गेल्यावर रिकामी घरटी काढून रीतसर विकू द्यावीत, म्हणजे गुहा राखण्यातच त्यांचा पैसा राहील. राखलेल्या गुहांतले पक्षी वाढू लागले. कायदा मात्र आडवा आला, कारण ही पाकोळी तेव्हा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या शेजारी होती, आणि तिथे व्यापाराचं नावही काढता येत नाही. शंकरन यांचं जानेवारी २००९ मध्ये अकाली निधन झालं. त्याच वर्षी ही पाकोळी त्या अनुसूचीतून वगळली गेली.

यावर पर्यावरणवाद्यांत दोन तट आहेत. एकदा रिकाम्या घरट्याची विक्री सुरू झाली की भरल्या घरट्याची चोरी त्याच्या आडून चालते, अशी एका बाजूची भीती, आणि ती निराधार नाही. तरी वेदान्थांगलचा शेतकरी आणि अंदमानचा राखणदार यांच्याकडे पाहिलं की शंकरन यांचं म्हणणं सहज झटकता येत नाही. घरट्याच्या आसपास राहणाऱ्या माणसाला ते उभं राहण्यात काही हित असेल, तर कलमाला बळ येतं.

गुहा आणि बेटं सोडली तर आज घरटी मोडतात ती भूक किंवा हौस म्हणून नव्हे, वेळापत्रकामुळे. सप्टेंबर २०२२ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात व्ही. के. पडी इथे राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या रुंदीकरणासाठी एक मोठं झाड जेसीबीने पाडलं गेलं. त्यावर पक्ष्यांची वसाहत होती. झाड रस्त्यावर कोसळलं आणि शंभराहून अधिक पक्षी नि पिल्लं जागीच मेली. चित्रफीत देशभर फिरली, वनखात्याने याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला. झाड पाडायची परवानगी होती की नव्हती, हा वाद नंतर झाला. खरा प्रश्न काही आठवड्यांचा होता. पिल्लं उडेपर्यंत थांबलं असतं तर तेच झाड कोणाचाही जीव न घेता पडलं असतं. हाच महामार्ग कोकणातून खाली उतरतो.

महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे. झाड तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पण छाटणीची वेळ ठरते ती पावसाच्या धास्तीने. एप्रिल-मेमध्ये उद्यान विभागाच्या गाड्या निघतात, आणि कावळे, घारी यांची अंडी-पिल्लं ऐन तेव्हा फांद्यांवर असतात. एक कायदा झाडाकडे पाहतो, दुसरा पक्ष्याकडे. दोन्हींच्या अंमलदारांची कार्यालयं वेगळी, आणि अर्जाच्या नमुन्यात ‘झाडावर वापरातलं घरटं आहे का?’ एवढा साधा रकाना असता तरी बरंच काही साधलं असतं. गुन्हा दाखल झाला तरी तो सिद्ध करणं सोपं नाही. फांदी उचलून नेली की पंचनाम्यात लिहायला काही उरत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण गुन्ह्यासाठीच्या दंडाची मर्यादा २५ हजारांवरून १ लाख रुपयांवर नेली, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद पूर्वीपासून आहेच. पण पुरावाच हाती नसेल, तर दंडाचा आकडा वाढवून काय होणार?

आणि काही घरटी तर अशी, की त्यांना कोणी हातही लावत नाही, तरी ती रिकामी पडतात. माळढोक हा आपल्या माळरानाचा राजा. मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते, घरटं म्हणून काडीही रचत नाही. सोलापूर-अहिल्यानगरच्या माळांवर १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झालं, तेही तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, बाजारपेठा, बागायती सगळंच आलं. जमीन विकता येईना, बांधकाम करता येईना, लोक माळढोकाच्या नावाने बोटं मोडू लागले. शेवटी क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. तोवर या अभयारण्यातल्या नान्नजच्या माळावरचे माळढोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

देशातल्या उरलेल्या माळढोकांपैकी बहुतेक आता राजस्थानात आहेत आणि तिथे त्यांना मारतात त्या विजेच्या तारा. समोरचं त्यांना नीट दिसत नाही, जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. तारेला शिकारी कसं म्हणणार? या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात जे गेले ते एम. के. रणजितसिंह म्हणजे १९७२ च्या कायद्याचा मसुदा घडवणाऱ्यांतलेच एक. आपणच घडवलेल्या कायद्याच्या आवाक्यात जे आलं नाही, त्यासाठी वयाच्या ऐंशीच्या घरात त्यांनी दाद मागितली. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने माळढोकांच्या टापूतल्या तारा शक्य तिथे जमिनीखालून न्यायला सांगितलं. सौरऊर्जेच्या प्रकल्पांना हे परवडणारं नाही, असं सरकारने मांडलं आणि मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन न्यायालयाने बाब तज्ज्ञ समितीकडे सोपवली.

दरम्यान जैसलमेरजवळच्या सम इथे २०१९ पासून वेगळाच उद्योग चालू आहे. वनखात्याची आणि भारतीय वन्यजीव संस्थानची माणसं माळावर मादीच्या मागावर राहतात, तिने घातलेलं अंडं उचलतात आणि उबवणी यंत्रात नेऊन ठेवतात. इतर कोणी केलं असतं तर ही पहिल्या अनुसूचीतल्या पक्ष्याची शिकार ठरली असती. कलम १२ खालच्या परवानगीमुळे ती ठरत नाही. अंडं लवकर गेलं तर मादी त्याच हंगामात पुन्हा एक घालू शकते, या हिशेबावर हा सगळा खटाटोप उभा आहे. आता तिथल्या पिंजऱ्यांत वाढलेल्या माद्याही अंडी घालू लागल्या आहेत.